डेवढी आणि आबांचा हात

शिवतेजने कीबोर्ड भिंतीवर आपटला आणि त्याची बटणं फुटाण्यांसारखी घरभर उडाली. तेवढ्यानं त्याचं भागलं नाही. त्यानं स्क्रीनवर मूठ हाणली. स्क्रीनला काही झालं नाही, त्याचीच बोटं सोलली, आणि काचेवरच्या एका ओळीवरून रक्त ओघळलं. ओळ अशी होती : 'ही व्यक्ती या खात्याची मालक नाही.'

त्या ओळीसमोर माझे वडील बसले होते. अंगात कवच, डोक्याला शिरस्त्राण. खातं त्यांच्या नावाचं, दिनकर इंगवले, वस्ताद, वाघवेस तालीम, कोल्हापूर. 'पटाईत' हा खेळ त्यांनी विकत घेतलेला, आणि त्यातला प्रत्येक लढवय्या त्यांच्याच अंगाच्या हालचाली टिपून बनवलेला. खेळ बनवणारी पुण्याची पोरं महिनाभर तालमीत येऊन त्यांच्याकडून लाठी, पट्टा, ढाल-तलवार करवून घेत होती. आणि आज तोच खेळ त्यांना सांगत होता, की तुम्ही तुम्ही नाही.

"उघड," आबा म्हणाले. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्याकडे जे चार-पाच शब्द उरले होते, त्यातला हा एक.

"उघडतो आबा, थांबा," मी म्हटलं, कोल्हापूरच्या बायका म्हणतात तसं. काय उघडणार होते, कपाळ!

डेवढी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर माझा संताप कुणाला कळायचा नाही. पूर्वी कॉम्प्युटरवरचा खेळ विकत घेतला की तो आपला असायचा. मग मध्ये दुकानं आली, आणि त्या दुकानांनी ठरवलं की तुम्ही घरी नेलेली वस्तूही आमच्याच दारातून वापरायची. डेवढी हे असंच एक दार. कुठलाही खेळ सुरू करायचा तर आधी डेवढी सुरू करायची. ती तुम्हाला ओळखणार, तुम्हाला हवा असो नसो खेळात बदल करणार आणि मग आत सोडणार. तिनं खातं बंद केलं की तुमचे सगळे खेळ बंद. मी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि या विषयावर इतक्या ठिकाणी तावातावानं बोलले आहे की मी उभी राहिले की लोक घड्याळाकडे बघतात.

कवच आल्यावर डेवढीचे हात आणखी लांब झाले. मेंदूनं स्नायूला हुकूम दिला की हात हलायच्या आधीच कातडीवर विजेची बारीक लहर उमटते. कवचाचं कापड ती लहर, लुळ्या अवयवातली अगदी क्षीण लहरसुद्धा, पकडतं आणि खेळातलं तुमचं शरीर हलवतं. तुम्ही खुर्चीत बसलेले असता, आत तुम्ही धावता. खेळात तुमच्यावर वार झाला, तर त्याच जागी कापडातले तंतू वीज लागून आखडतात आणि तुम्हाला खरोखरच मार बसतो. कवच मुळात पोलिसांच्या सरावासाठी बनलेलं, त्यामुळे हाड मोडण्याची ताकद त्यात आहे. म्हणून माराला मर्यादा घातलेली असते. ही मर्यादा कवचात घालता आली असती, खेळात घालता आली असती. कंपनीनं ती डेवढीत घातली, म्हणजे डेवढी काढून फेकायची कुणाची छाती व्हायला नको.

आणि माणूस ओळखायचा कसा? पासवर्ड चोरता येतो. पण वार आल्यावर कोण किती वेगानं अंग चोरतं, कुणाचा हात कुठून उठतो आणि कुठे थांबतो, हे सगळं प्रत्येकाचं वेगळं असतं आणि त्याची नक्कल करता येत नाही. त्याला अंगठसा म्हणतात. डेवढीच्या अंगणात एका गवताच्या माणसाशी थोडं लढायचं, ठसा जुळला की दार उघडतं.

आबा त्या अंगणात उभे राहिले होते. आम्ही पाहिलं ना! आठ महिने जे शरीर अंथरुणात पडून होतं, ते स्क्रीनवर दोन्ही पायांवर उभं राहिलं. उजवा हात वर गेला, लाठी फिरली, गवताच्या माणसाचं डोकं धडावरून उडालं. शिवतेज रडायला लागला. लहानपणापासून आबांच्या हाताखाली तयार झालेला, आता स्वतः तालीम चालवणारा हा दांडगा माणूस ओक्साबोक्शी रडत होता, आणि तेवढ्यात ती ओळ आली.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन लावला.

"आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत," पलीकडची मुलगी म्हणाली. नाव सानिका. आवाज अगदी साखरेत घोळलेला. "पण मॅडम, अंगठसा जुळत नाही. विशेषतः थांबा, म्हणजे वार जिथे थांबतो ती जागा. मूळ मालकाचा वार लक्ष्याजवळ येऊन थांबतो. या व्यक्तीचा थांबत नाही. घरातलं दुसरं कोणी खेळतंय का?"

"दुसरं कोण? अर्धांग झालेला माणूस आहे तो. तोंडातला घास थांबत नाही त्यांचा, हनुवटीवर ओघळतो. तुम्ही थांबा कसला मागताय?"

"नवीन खातं काढता येईल मॅडम. मात्र 'पटाईत'ची विक्री आता बंद झाली आहे."

"म्हणजे घेतलेला खेळ गेला?"

"खेळ घेतलेला नसतो मॅडम. वापरायची परवानगी घेतलेली असते."

मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. ती पोटासाठी नोकरी करणारी मुलगी होती, तिचा काय दोष. पण तोंड माझं आहे आणि ते कोल्हापूरचं आहे.

डेवढी फोडायला मला आठ-दहा दिवस लागले. तिच्यावर भाषणं ठोकणं सोपं होतं, तिचं कुलूप काढणं महाकठीण. खेळ दर क्षणाला डेवढीला विचारतो, 'हा माणूस तोच ना?' मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो डेवढीच्या जागी बसून दर वेळी 'हो, तोच' म्हणायचा. दुसरं काहीच करायचा नाही. मारमर्यादेचा कप्पा तेवढा मी त्यात ठेवला आणि आकडा अगदी खाली लावला.

आबा आत गेले. आणि मग आमच्या घरात रोज सकाळी युद्ध सुरू झालं.

ते काय लढायचे! चार-चार जण अंगावर घ्यायचे. पट्ट्याच्या एका फेरीत दोघांच्या पोटऱ्या कापायचे, तिसऱ्याच्या गळ्यात लाठीचं टोक घुसवायचे. पडद्यावर रक्ताची चिळकांडी उडाली की खुर्चीतलं त्यांचं वाकडं तोंड हसायचं. शिवतेज मांडीवर थापा मारत ओरडायचा, "आरं तिच्या मायला! बघालीस न्हवं? बघालीस न्हवं?" मी बघत होते. मी सुखी होते, हे सरळच सांगते. आठ महिने ज्याचा मी बिछाना बदलत होते, तो माणूस कुणाच्यातरी छातीवर पाय देऊन उभा होता.

पडलेल्या शत्रूलाही ते मारत राहायचे, हे मला दिसत होतं. डोक्याचा चेंदा होईपर्यंत मारायचे. एवढे दिवस पडून राहिल्याचा राग आहे, निघू दे, असं मी म्हणाले. मग एका दुपारी त्यांनी त्यांचं करायला येणाऱ्या बेबीमावशींना पाण्याचा पितळी तांब्या फेकून मारला. त्यांना उठवून बसवायला मावशी वाकल्या होत्या, एवढाच त्यांचा गुन्हा. डाव्या हाताची ताकद शाबूत होती. भुवईवर टाके पडले. "चुकून लागलं असंल," मावशी म्हणाल्या. मीही तेच म्हणाले. आम्हाला तेच म्हणायचं होतं.

शिवतेजला मात्र राहवेना.

"मला आबांसंगं एक हात खेळायचाय," तो म्हणाला. "तालमीतलं माझं कवच आणतो."

"खेळ की. मर्यादा खाली आहे. चिमटा काढल्यागत लागेल."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या ताटात थुंकले होते. "वस्तादासमोर गादी बांधून उभा राहू व्हय गं मी?"

आता ही आमच्या तालमीची रीत. वाघवेस तालमीत वस्ताद तुमच्यावर शेवटचा वार करतो तेव्हा शिष्य ढाल उचलत नाही. हात खाली सोडून, डोळे उघडे ठेवून उभा राहतो. वस्तादाची लाठी पूर्ण जोरानं येते आणि कानशिलापासून बोटभर अंतरावर थांबते. वारा लागतो, लाठी लागत नाही. दसऱ्याला हे बघायला अख्खी पेठ लोटते. मारणं कुणालाही येतं, हात थांबवणाऱ्याला आमच्याकडे वस्ताद म्हणतात. आबांचा हात आयुष्यात एकदाही चुकला नव्हता. मी स्वतः त्या लाठीखाली उभी राहिले आहे, सहावीत असताना. त्यामुळे शिवतेजचं म्हणणं मला पटलं. त्या क्षणी मी शिकलेली बाई नव्हते, वाघवेसची पोर होते. मी मर्यादेचा आकडा काढून टाकला. सानिका फोनवर काय म्हणाली होती ते मला आठवलंसुद्धा नाही.

शिवतेज कवच घालून आबांच्या पाया पडला आणि शेजारच्या खुर्चीत बसला. पडद्यावर दोघे समोरासमोर आले. पहिल्या झटापटी झकास झाल्या. लाठीवर लाठी वाजत होती, आबा मागे रेटत होते, शिवतेज हसत हसत हटत होता. मग आबांनी दोन पावलं मागे घेतली आणि लाठी डोक्यावरून फिरवली. तो शेवटचा वार होता. शिवतेजनं ढाल टाकली, हात खाली सोडले.

लाठी थांबली नाही.

शिरस्त्राणाच्या आत जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओली फांदी मोडावी तसा. शिवतेज खुर्चीतून खाली कोसळला, पण खेळात तो अजून आबांसमोर होता, आणि आबांनी दुसरा वार केला. कवचाचे तंतू त्याच्या गळपट्टीच्या हाडावर आखडले, हाड मोडून वर आलं. तिसरा वार बरगड्यांवर. शिवतेज फरशीवर माशासारखा तडफडत होता, तोंडातून रक्त आणि दातांचे तुकडे येत होते, आणि माझे वडील शेजारच्या खुर्चीत बसून डावा हात मुठीनं पुन्हा पुन्हा खाली आणत होते. चौथा. पाचवा.

"आबा! आबा, शिवा आहे तो!"

त्यांनी ऐकलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा. आणि सहावा वार केला.

मी वायर उपटली. भिंतीतल्या सॉकेटसकट आली.

शिवतेजवर तीन शस्त्रक्रिया झाल्या. उजवा कान गेला तो गेलाच. पोलिसांना त्यानं लिहून दिलं की माडीवरून पडलो. वस्तादाचं नाव तो कागदावर येऊ देणार नव्हता.

आबांच्या मेंदूचे फोटो डॉक्टर कुलसुम नदाफ यांनी माझ्यासमोर पुन्हा मांडले. सांगलीच्या बाई, बोलायला रोखठोक.

"हे बघा. हात हलवणारा भाग इथं, त्याला मार बसलाय हे आपल्याला माहीत होतं. पण थोडा पुढचा हा पट्टाही गेलाय. हा ब्रेक असतो. हात उचलायचा हुकूम एकीकडून येतो, थांबायचा इकडून. सगळ्यांचा ब्रेक सुटतो असं नाही, तुमच्या वडिलांचा सुटलाय. अंथरुणात पडलेला माणूस, कुणाला कळणार?"

"डेवढीला कळलं होतं," मी म्हटलं.

आणि मग दवाखान्याच्या त्या खोलीत मला जो राग आला तो कधी विसरणार नाही. त्या दाराला दिसलं होतं. माझ्या बापाच्या डोक्यात काय तुटलंय ते त्याला मिनिटभरात दिसलं, आणि त्यानं काय केलं? 'मालक नाही' म्हणून दार लावलं. डॉक्टरकडे न्या म्हणालं नाही, जपा म्हणालं नाही. त्याला फक्त दुकानाची काळजी होती. पण त्या रागाच्या तळाशी दुसरा राग होता आणि तो जास्त जाळत होता. सानिकानं मला शब्द न् शब्द सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण मला भांडायचं होतं.

"नुसत्या खेळातल्या बाहुल्यांशी लढू दिलं तर?" मी विचारलं. "त्यात कुणाला लागत नाही."

"झटक्यानंतरचा मेंदू जे रोज कराल ते शिकतो," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणूनच आपण व्यायाम करून घेतो. तुम्ही गेले काही आठवडे त्यांच्याकडून रोज सकाळी न थांबण्याचा व्यायाम करून घेताय. तांब्या कुणाला मारला म्हणालात?"

मी फोटो पाकिटात भरायला लागले.

"उद्या मावशींचा डोळा जाईल. परवा तुमचा. ते बंद करा आणि थांबण्याचा सराव सुरू करू. हळू असेल, कंटाळवाणा असेल. होईलच असं वचन देत नाही."

मी शिवतेजला भेटायला गेले. जबड्याला तारा होत्या, बोलणं दातांच्या फटीतून येत होतं.

"ती डेवढी परत बसव," तो म्हणाला.

"काय?"

"तुझा प्रोग्रॅम काढ आणि कंपनीचीच बसव. ती आपोआप त्यांना बाहेर ठेवंल. आबांना सांग, कंपनीनं बंद केलं, आमचं काय चालंना. तू कशाला वाईट होतीस? शिव्या कंपनीला पडूद्यात."

किती सोपं होतं! खरंच सोपं होतं. आबांनी रोज 'उघड' म्हणायचं, मी रोज हात उडवून म्हणायचं, काय करणार आबा, मेले ऐकत नाहीत. आम्ही दोघं मिळून कंपनीला शिव्या घातल्या असत्या. बाप-लेकीचं प्रेम उतू गेलं असतं. आणि खोटं तरी कुठे होतं त्यात? डेवढीनं बंद केलंच असतं.

मी रात्रभर त्याचा विचार केला, हे कबूल करते. पण डेवढीबद्दल माझं एकच तर भांडण होतं. दार बंद करणारा समोर नसतो. त्याला तोंड नसतं, त्याच्याशी भांडता येत नाही, तो 'दिलगीर आहोत' म्हणतो आणि सुटतो. आता मलाही तसंच सुटायचं होतं.

सकाळी मी आबांच्या खोलीत गेले. बेबीमावशींना बाहेर बसायला सांगितलं. आबांनी खुंटीवरच्या कवचाकडे बघितलं.

"उघड."

मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. डाव्या हाताला, मुद्दाम. तो हात पोचेल एवढ्या जवळ.

"न्हाई उघडणार, आबा. खेळ मी काढून टाकलाय. आज पहाटे पुसला. कंपनीनं न्हाई, मी."

त्यांना कळत होतं. शब्द गेले होते, समज गेली नव्हती. त्यांचे डोळे माझ्यावर आले.

"तुमचा हात थांबत न्हाई. शिवाचा जबडा तुम्ही मोडलासा. आठवतंय न्हवं? त्यानं ढाल टाकली होती तुमच्या भरवशावर. बेबीमावशींचं कपाळ तुम्ही फोडलंसा. मी ते दिसत असून बोललो न्हाई, कारण तुम्ही उभं राहिलेलं मला बघायचं होतं. आता न्हाई. तुम्ही—"

थप्पड इतक्या जोरात आली की मी स्टुलावरून खाली पडले. कान बधिर झाला. ओठ दातात सापडून फाटला, तोंडात रक्ताची खारट चव आली. मी उठले, स्टूल सरळ केलं आणि पुन्हा तिथेच बसले.

"मारा. पण मीच बंद केलंय."

दुसरी बसली ती नाकावर. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पदरावर रक्त ठिबकायला लागलं. बाहेरून मावशी दार ठोकायला लागल्या, "ताई! ताई!" मी त्यांना ओरडून सांगितलं की आत येऊ नका. मला रडू येत होतं, पण दुखण्याचं नव्हतं. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात तिसऱ्यांदा उठला होता. तो हात थांबवायला निघालेला माणूस त्या चेहऱ्यात कुठेतरी होता, आणि त्याचं काही चालत नव्हतं.

मी तो हात हवेतच मनगटाला धरला. दोन्ही हातांनी. साठी उलटलेला, अर्ध्या अंगाचा माणूस, पण काय जोर! माझे खांदे भरून आले. मी सोडला नाही.

"इथं," मी म्हटलं. "आबा, इथं थांबवायचा. मी धरतो. तुम्ही थांबवा."

कितीतरी वेळ ते मला रेटत राहिले, आणि मी त्यांना.

"उद्या पुन्हा," मी म्हटलं. "रोज."

त्यांनी मान हलवली नाही. शिवी द्यायला तोंड उघडलं, पण शिवी आली नाही, नुसतं "शर्वे" आलं. झटक्यानंतर पहिल्यांदा ते माझं नाव घेत होते, आणि रागानं घेत होते. हात अजून जोर करतच होता.